विजेची मोटार घेताना

गोव्यात दाराशी मोटार असणे ही आता श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. माणसांची संख्या आणि नोंदलेल्या वाहनांची संख्या जिथे जवळजवळ एकमेकींना भिडली आहे, तिथे मोटार ही चैन की गरज हा वाद केव्हाच निकालात निघाला. वाद आता निराळा आहे. जुनी पेट्रोलची गाडी काढून नवी विजेची घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? चतुर्थीला गावच्या घरी जमलेल्या भावंडांत, कचेरीतल्या मधल्या सुटीत, जत्रेहून परतताना हाच विषय निघतो; आणि दोन नावे बहुधा एकामागोमाग येतात. एक टाटांची कर्व्ह ईव्ही, दुसरी ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरानंतरचा सर्वांत मोठा खर्च ज्या वस्तूवर होतो, तिची निवड जाहिरातीतल्या चित्रांवर सोपवू नये, म्हणून आज या विषयाची चर्चा आम्ही या स्तंभात करीत आहोत.

कर्व्ह ईव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये १७ लाख ४९ हजार रुपयांच्या मूळ किमतीपासून बाजारात आली. क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये १७ लाख ९९ हजारांपासून. पहिलीत ४५ आणि ५५ युनिटांच्या दोन बॅटऱ्या मिळतात, दुसरीत ४२ आणि ५१.४ युनिटांच्या. येथे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट. लांबीत एक ४,३१० मिलिमीटर, दुसरी ४,३४०. म्हणजे वाड्यावरच्या अरुंद वाटेत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोघींची पंचाईत सारखीच होणार. मोठ्या बॅटरीच्या गाड्यांची ताकद १६७ आणि १७१ अश्वशक्ती. हा फरक चालकाला जाणवण्याजोगा नाही. कागदावर पाहता दोघी जुळ्या बहिणी वाटाव्यात. भेद आहे तो कागदाच्या बाहेर.

पहिला भेद पल्ल्याचा, आणि फसगतही तिथेच अधिक. बाजारात आल्या तेव्हा कर्व्हने मोठ्या बॅटरीवर ५८५ किलोमीटरांचा दावा केला आणि क्रेटाने ४७३ चा. हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे. तिथे चढ नसतो, पाऊस नसतो, मागल्या आसनावर तीन माणसे आणि सामानात नारळांचे पोते नसते. शिवाय चाचणीची पद्धत मध्यंतरी बदलल्यामुळे निरनिराळ्या वेळचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे रास्त नव्हे. टाटांनी स्वतःच आपल्या मोठ्या बॅटरीचा रोजच्या वापरातला पल्ला ४०० ते ४२५ किलोमीटर सांगितला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे. ग्राहकाने साधा हिशेब ठेवावा: एका युनिटात सुमारे सहा किलोमीटर. या हिशेबाने छोटी बॅटरीसुद्धा अडीचशे किलोमीटर सहज नेते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपले सारे राज्य उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटरांच्या आसपास. पणजीला नोकरी आणि फोंड्याला घर असलेला माणूस दिवसाला साठ किलोमीटर फिरला, तर त्याला दहा युनिटे लागतात. त्यासाठी पंचावन्न युनिटांचे ओझे रोज अंगावर वागवणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी विहीर खांद्यावर घेऊन हिंडणे होय.

घाटाची धास्ती अनेकांना वाटते. माणसांसह दोन टन वजनाची गाडी चोर्ल्याची सुमारे आठशे मीटर उंची चढते तेव्हा केवळ त्या चढणीसाठी साडेचार-पाच युनिटे खर्ची पडतात. हा खर्च मोठा असला तरी प्राणघातक नाही. आणि उतारावर चाकेच मोटारीला फिरवून वीज निर्माण करतात, त्यामुळे त्यातला काही भाग परत खात्यात जमा होतो. पेट्रोलच्या गाडीला हे भाग्य नाही. ती उतरताना ब्रेक तापवते, एवढेच. पणजीहून बेळगावला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्याने मात्र बेळगावात तासभर चार्जिंगची सोय पाहून ठेवावी. जलद चार्जिंगला १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत पोहोचायला कर्व्हच्या मोठ्या बॅटरीला सुमारे ४० मिनिटे आणि क्रेटाला सुमारे ५८ मिनिटे लागतात, असे कंपन्या सांगतात. वर्षातून दहा वेळा मुंबई किंवा पुणे गाठणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा. वर्षातून एकदा जाणाऱ्याला नव्हे.

दुसरा भेद घरातल्या विजेचा. क्रेटासोबत ११ किलोवॅटचा घरगुती चार्जर मिळू शकतो आणि तो गाडी पाच तासांच्या आत भरतो. पण त्यासाठी घराला तीन फेजची जोडणी हवी. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांत एका फेजवर पंखे, पंप आणि फ्रीज कसेबसे चालतात. तिथे हा चार्जर बसवायचा तर आधी वीज खात्याकडे अर्ज, मंजूर भारात वाढ आणि घरातल्या तारांची दुरुस्ती या तीन पायऱ्या चढाव्या लागतील. कर्व्हच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरला एक फेज पुरते, तरी मंजूर भार तपासणे सुटत नाही. खरे तर दिवसाला दहा युनिटे भरायची असतील तर १५ अँपिअरचा साधा प्लग रात्री चार तासांत ते काम करतो. अट एकच, अर्थिंग चोख हवे. गाडीच्या रंगाबद्दल आठवडाभर खल करणारी कुटुंबे वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेण्याचा विचारही करीत नाहीत, हे आम्हांला अधिक चिंताजनक वाटते. आमच्या पावसाळ्यात तर हा आळस प्राणावर बेतू शकतो.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक इशारा. दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या पाण्यापासून सुरक्षित केलेल्या आहेत. पावसात त्या चालवण्यात धोका नाही. परंतु खारे पाणी हा निराळा शत्रू आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०२२ च्या इयन वादळात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या. खाडीकाठी, मानशीजवळ किंवा भरतीचे पाणी चढते तिथे घर असणाऱ्याने गाडी उंचवट्यावर ठेवावी, आणि ती खाऱ्या पाण्यात बुडालीच तर घरापासून दूर नेल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

तिसरा भेद माणसांचा. कर्व्हचे छप्पर मागे उतरते होत जाते. दिसायला ते ऐटदार आहे, पण उंच माणसाच्या डोक्याला मागल्या आसनावर ते जवळ येते. क्रेटाचे छप्पर सरळ, दोन्ही चाकांमधले अंतर ५० मिलिमीटर अधिक, आणि वृद्धांना चढ-उतार करायला ती सोयीची. उलट सामानाची जागा कर्व्हमध्ये ५०० लिटर, क्रेटात ४३३. म्हणजे माटोळीचे सामान एकीत अधिक मावेल, आणि आजी दुसरीत सुखाने बसेल! सुरक्षिततेच्या बाबतीत भारत एनकॅपच्या चाचणीत कर्व्ह ईव्हीने २०२४ मध्ये पाच तारे मिळवले. क्रेटाच्या विक्रेत्याकडे जाणाऱ्याने तिच्या चाचणीचा दाखला मागावा. तो मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

चौथा भेद हमीचा. विजेच्या गाडीत बॅटरी हीच लक्ष्मी. ती गेली तर उरतो तो पत्रा. दोन्ही कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची हमी देऊन बाजारात उतरल्या. टाटांनी २०२५ मध्ये कर्व्हच्या बॅटरीची हमी पहिल्या खासगी मालकासाठी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली. कर्व्हच्या बॅटरीतले लोह-फॉस्फेटाचे रसायन उष्णता तुलनेने बरे सोसते, ही आमच्या हवेत मोलाची गोष्ट. मात्र ही वाढीव हमी पहिल्या मालकापुरतीच, हे विसरू नये. पाच वर्षांनी गाडी विकणाऱ्याला तिचा उपयोग बेताचाच.

काही वाचक म्हणतील, एक कंपनी देशी आणि एक परकी, मग विचार कसला? स्वदेशीच्या भावनेचा आम्हांला आदर आहे. त्या भावनेनेच या देशाची एक पिढी घडली. पण आजची स्वदेशी डोळे उघडे ठेवून पाळावी लागेल. ह्युंदाईची गाडी तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला भारतीय कामगारांच्या हातून तयार होते. आणि आपल्या देशी म्हणवणाऱ्या विजेच्या गाड्यांतल्या बॅटरीच्या पेशी अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली तेव्हा आमचे देशी-विदेशी सारेच कारखानदार चिंतेत पडले. पेशी आणि चुंबके येथे बनू लागतील त्या दिवशी स्वदेशीचा प्रश्न सुटेल. बोनेटवरच्या नावाने तो सुटत नाही.

आता पैशांचा हिशेब. सारख्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी चार लाखांनी महाग धरू. पेट्रोल लिटरला ९५ रुपये, लिटरला १४ किलोमीटर. वीज युनिटला ६ रुपये आणि चार्जिंगमधली दहा टक्के गळती, असेही धरू. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्याची सुमारे ८५ हजार रुपयांची बचत होते. चार लाख पावणेपाच वर्षांत वसूल. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्याची बचत मात्र ३४ हजार. त्याला जवळजवळ बारा वर्षे थांबावे लागेल. विजेच्या मोटारींवर जीएसटी पाच टक्केच आहे, पण सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरचा करही १८ टक्क्यांवर आला, हेही ध्यानात घ्यावे. कर्जावरच्या व्याजाची प्राप्तिकरातली खास सवलत मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेता तिचे गाजर दाखवील तर त्याला तारीख दाखवावी.

तेव्हा आमचा कौल असा. वर्षाला आठ हजार किलोमीटरांहून कमी चालणाऱ्याने दोन्ही घेऊ नयेत. जुनी गाडी नीट राखावी, अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्याहून अधिक चालणाऱ्या सर्वसाधारण गोमंतकीय कुटुंबाने कर्व्हची ४५ युनिटांची गाडी घ्यावी. हमी आणि सुरक्षिततेचा दाखला या दोन गोष्टी तिच्या बाजूने आहेत. ज्यांच्या मागल्या आसनावर वृद्ध आईवडील रोज बसतात, त्यांनी क्रेटा पाहावी, तीही छोट्या बॅटरीची. मोठी बॅटरी वारंवार घाट ओलांडणाऱ्यांसाठी.

मात्र एक भ्रम कुणी बाळगू नये. गोव्याची वीज मुख्यतः कोरबा आणि विंध्याचलच्या औष्णिक केंद्रांतून येते. आपल्या गाडीचा धूर पणजीत दिसला नाही, तरी कोळसा छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशात जळतोच. आणि वीज येथवर आणणाऱ्या तमनार वाहिनीसाठी मोलेचे जंगल तुटू नये म्हणून २०२० पासून येथल्याच तरुणांना आंदोलन करावे लागले. ज्याला खरोखर स्वच्छ गाडी हवी त्याने छपराकडे पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरले. असा संच उन्हाच्या दिवशी बारा युनिटे देतो. सत्तर किलोमीटरांची ती सोय. सरकारनेही वीजजोडणीचे अर्ज महिनोन्‌महिने अडकणार नाहीत आणि तालुक्याच्या प्रत्येक गावी चार्जिंगची चालू स्थितीतली सोय राहील हे पाहावे. आणि ज्याला मोटार परवडत नाही त्याच्यासाठी कदंबची विजेची बस वेळेवर यावी. दारातल्या मोटारीची चर्चा आपण हिरिरीने करतो. फाट्यावर तिष्ठत उभ्या असलेल्या माणसाची चर्चाही तितक्याच हिरिरीने झाली पाहिजे.