कोर्टाचे पाकीट आणि एक शून्य

कोकणातल्या आमच्या अनेक घरांतली मुले आज इंग्लंडमध्ये आहेत. कोणी इस्पितळात नोकरी करतो, कोणी टॅक्सी चालवतो, कोणी शिकतो. त्यांच्या खुशालीबरोबर तिथल्या कागदपत्रांच्या चिंताही फोनवरून आपल्यापर्यंत पोहोचतात. गेल्या वर्षी आमच्या भाचीचा असाच फोन आला. आवाज रडवेला होता. "मामू, कोर्टाचा कागद आलाय. गाडी उभी केली म्हणून २५५ पौंड मागतायत."

घडले ते असे. बाळाला ताप होता. औषध घ्यायला ती दुकानांच्या एका संकुलात थांबली. तिथला वाहनतळ खाजगी कंपनीचा. यंत्रात गाडीचा नंबर टाकून पैसे भरायचे. तिने पैसे भरले, पण घाईत नंबरातल्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' अक्षर दाबले गेले. कॅमेऱ्याने गाडी आत येताना आणि बाहेर जाताना टिपली. यंत्रात मात्र त्या नंबराचे पैसे सापडले नाहीत. कंपनीने १०० पौंडांची नोटीस काढली.

ही नोटीस तिला मिळालीच नाही, कारण तिने घर बदलले होते आणि गाडीच्या नोंदणीतला पत्ता बदलायचा राहून गेला होता. कंपन्या गाडीमालकाचा पत्ता तिथल्या सरकारी वाहन खात्याकडून घेतात. त्यामुळे एकामागून एक पत्रे जुन्या घरी जात राहिली. ही चूक तिची होती आणि तिने ती कबूलही केली. शेवटी जुन्या शेजारीणबाईंनी एक जाड पाकीट आणून दिले. त्यात दाव्याचा कागद होता. मूळ १००, वसुलीच्या नावाखाली ७०, कोर्टाची फी ३५ आणि वकिलाचे ५०.

घरात दोन मते पडली. जावईबापू म्हणाले, "असली पत्रे सगळ्यांनाच येतात, फाडून टाक." सासूबाई म्हणाल्या, "भरून टाक बेटा, कोर्टाची पायरी नको." आम्ही तिला एवढेच सांगितले, "आधी पाकिटातला प्रत्येक कागद वाच आणि त्यावरची तारीख बघ."

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. तिथल्या नगरपालिकेचा दंड वेगळा आणि खाजगी कंपनीची मागणी वेगळी. कंपनी दंड करू शकत नाही. फलकावरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी उभी केलीत, म्हणजे करार झाला आणि तो मोडलात म्हणून पैसे द्या, असा तिचा दावा असतो. म्हणून अशी मागणी पोकळच असते, असेही नाही. चेम्सफर्डच्या एका वाहनतळावर दोन तास मोफत होते, एक गृहस्थ ५६ मिनिटे जास्त थांबले. ८५ पौंडांचा तो वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. फलक स्पष्ट असेल आणि चूक आपलीच असेल, तर पैसे देणेच बरे. वचन पाळणे आपल्याला घरातच शिकवलेले असते.

पण भाचीने पैसे भरले होते. तिला फक्त ते सिद्ध करायचे होते, आणि तेही मुदतीत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दाव्याच्या कागदावरच्या तारखेनंतर पाचव्या दिवशी तो पोहोचला, असे धरतात. तिथून १४ दिवसांत 'दावा मिळाला, आम्ही लढणार' असे कळवायचे. तसे कळवले की लेखी बचावासाठी एकूण २८ दिवस मिळतात. काहीच कळवले नाही, तर तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल तुमच्याविरुद्ध लागू शकतो. महिन्याभरात रक्कम भरली नाही, तर तो निकाल नोंदवहीत सहा वर्षे राहतो. मग भाड्याचे घर किंवा कर्ज मिळवणे कठीण जाते. भाचीच्या हातात पाकीट आले तेव्हा पहिल्या मुदतीचे चारच दिवस उरले होते.

त्याच रात्री तिने संगणकावरून दावा मिळाल्याचे कळवले. मग बँकेचा उतारा काढला. त्या दिवशी, त्याच सुमारास वाहनतळाच्या यंत्राला दिलेले पैसे त्यात दिसत होते. औषधाची पावतीही सापडली. बचाव तिने साध्या शब्दांत लिहिला: पैसे भरले, एक अक्षर चुकले, पत्ता बदलायचा राहिला. त्याखाली 'हे सर्व खरे आहे' अशी सही करावी लागते. जाणूनबुजून खोटे लिहिले तर तो कोर्टाचा अवमान ठरतो. एका मैत्रिणीने सुचवले, "गाडी तू चालवतच नव्हतीस असे लिही." भाचीने नकार दिला. खोटी साक्ष देऊन वाचवलेले पैसे तिला नको होते.

पुढे फोनवरून तडजोडीची बैठक झाली. अशा छोट्या दाव्यांत ती मे २०२४ पासून सक्तीची आहे. तडजोड जमली नाही. सुनावणी तिच्याच शहरातल्या कोर्टात झाली. छोट्या दाव्यात वकील लागत नाही, आणि हरलो तरी समोरच्या वकिलाचे मोठे बिल सहसा अंगावर पडत नाही. न्यायाधीशांनी बँकेचा उतारा पाहिला, कंपनीच्या वकिलाला दोन प्रश्न विचारले आणि दावा फेटाळला. अर्ध्या तासात सगळे आटोपले. बुडालेल्या पगारापोटी तिला थोडी भरपाईही मिळाली.

हा निकाल तिच्यापुरता होता, दुसऱ्याच्या प्रकरणात तो तसाच लागेल असे नाही. पण वाचकहो, आपली मुले परदेशी असतील तर पुढच्या फोनवर त्यांना तीन गोष्टी जरूर विचारा. घर बदलल्यावर गाडीच्या कागदावरचा पत्ता बदललास का? नोटीस आल्यावर २८ दिवसांत कंपनीकडेच तक्रार करता येते, हे ठाऊक आहे का? आणि दारात पडलेली पाकिटे उघडतोस का?

भाचीने त्या शेजारीणबाईंना ईदला शीरखुर्मा नेऊन दिला. "त्यांनी पाकीट आणून दिले नसते, तर हातात पुरावा असूनही मी हरले असते," असे ती म्हणते. ते खरेच आहे.