पावसाळा, घरातील कुत्रा आणि ‘बंध’ हा अतिचार

आषाढात मुनिसंघाच्या वर्षायोगाची स्थापना होते. पावसाने भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. त्यांची विराधना टळावी म्हणून साधू चार महिने एका गावी स्थिर राहतात. नेमक्या याच दिवसांत पेठेतील कित्येक घरांत आणखी एक जीव एका जागी खिळलेला असतो, पण तो स्वेच्छेने नव्हे. सकाळचे फिरणे पावसाने बुडते, घरधनी दुकान उघडावयास निघून जातो, मुले शाळेत जातात आणि गॅलरीच्या गजाला बांधलेला कुत्रा दिवसभर पागोळ्या पाहत बसतो. साधूंच्या स्थिरतेला स्वाध्यायाची जोड असते. कुत्र्याच्या वाट्याला नुसती स्थिरता येते.

मग तक्रारी सुरू होतात. चपला कुरतडल्या, गादीतला कापूस ओढून काढला, जिन्यात पाऊल वाजताच भुंकून घर डोक्यावर घेतले. ‘कुत्रा माजला’ असा निवाडा होतो आणि साखळी आणखी आखूड केली जाते. आजारापेक्षा औषध जालीम, ते असे. कारण बहुतेक वेळा तो माजलेला नसतो, रिकामा असतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेतील मुलांनाही ही नावे पाठ असतात. शेवटच्या अतिचाराविषयी जैन घरे फार जागरूक असतात; कुत्र्यालाही गाळलेले पाणी ठेवणारी आणि सूर्यास्तापूर्वी त्याचे जेवण उरकणारी कुटुंबे आहेत. पहिल्या अतिचाराकडे मात्र तितके लक्ष जात नाही. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत ‘बंध’ या शब्दाचा अर्थ दोरीपुरता ठेवलेला नाही. जीवाला जिकडे जावयाचे आहे तिकडची त्याची गती ज्याने अडते तो बंध, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. श्रावकाचाराच्या विचारात पुढे असेही सांगितले गेले, की प्रपंचात जनावर बांधणे अटळच असेल तर गाठ सैल असावी. आग लागली तर त्याला सुटता आले पाहिजे. गॅलरीतील आखूड साखळी या कसोटीला क्वचितच उतरेल.

कुत्र्याविषयीची कणव या समाजाला नवी नाही. जीवंधरकुमारांनी मरणोन्मुख कुत्र्याला पंचनमस्कार मंत्र ऐकविला आणि तो जीव यक्षयोनीत जन्मला, ही कथा क्षत्रचूडामणीच्या वाचकांना ठाऊक आहे. मुंबईत 1832 साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगल उसळली आणि दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्या सोबतीच्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभे राहिले. तेव्हा प्रश्न कुत्र्याचा जीव वाचविण्याचा होता. आज घरात पाळलेल्या कुत्र्याला जिवाची भीती नाही, पोटाची चिंता नाही. त्याला दिवस घालविण्याचे साधन नाही.

हे साधन त्याच्या नाकात असते. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या 20 कोटींहून अधिक मानल्या जातात. रस्त्यावर तो दर खांबापाशी थबकतो, त्याची मालकाला चीड येते. परंतु ते थबकणे हेच त्याचे वर्तमानपत्र. घरात अडकल्यावर पायांचा व्यायाम कमी होतो याहून हे वाचन बंद पडते, ही मोठी हानी. म्हणूनच दहा-पंधरा मिनिटे वास घेऊन वस्तू शोधावयास लावले तर कुत्रा थकून, समाधानाने झोपतो. मोठा कुत्रा एरवीही दिवसाचा निम्मा वेळ झोपेत काढतो. त्याला दिवसभर खेळवीत बसावे लागत नाही. सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा असा नेम पुरतो.

आरंभ अगदी सोपा असावा. त्याच्या जेवणातील थोडा वाटा काढून, तो पाहत असताना, दारामागे ठेवावा आणि ‘शोध’ म्हणावे. दोन-तीन दिवसांत शब्द आणि काम यांची सांगड बसते. मग त्याला दुसऱ्या खोलीत थांबवून तुकडे पाटाखाली, खुर्चीच्या पायाशी, दाराच्या फटीत असे पसरावेत. शोध लागेना तर रागावू नये, काम सोपे करावे. जुने आप्पेपात्र या कामी नामी ठरते : खळग्यांत तुकडे ठेवून वर चेंडू ठेवले, की एकेक चेंडू नाकाने सारून तो खाऊ काढीत बसतो. चेंडू मात्र गिळता येणार नाही एवढा मोठा हवा. पंचावर खाऊ पसरून त्याची गुंडाळी केली, तरी ती उलगडण्यात त्याची पाच मिनिटे जातात.

दुकानदाराच्या घरी खेळण्यांचा खर्च करण्याचे कारणच नाही. मालाची रिकामी खोकी रोज निघतात. पिना, चिकटपट्टी आणि सुतळी काढून टाकली, की खोक्यात खोके घालून आत खाऊ लपविता येतो. पुठ्ठा फाडण्याची त्याची हौसही भागते आणि चपला वाचतात. फक्त पुठ्ठा गिळत नाही ना, ते पाहावे. सुतळी पोटात गेली तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते, म्हणून ती आवर्जून उचलावी. कापडाच्या दुकानातील जाड चिंध्यांची घट्ट वेणी घातली, की ओढाओढीचा दोर तयार होतो.

धावण्याचे खेळ घरात जपूनच खेळवावेत. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय फाकतात आणि सांधे दुखावतात. सतरंजी अंथरून त्यावरच चेंडू सोडावा. पावसाळ्यात दिव्याच्या उजेडाने आलेले किडे जमिनीवर पडलेले असतात. खेळापूर्वी मऊ केरसुणीने ते अलगद बाजूला सारणे, एवढा यत्नाचार घरातील लहान मूलही पाळू शकते. मुलांसाठी लपंडाव सर्वांत चांगला : एकाने कुत्र्याला धरावे, दुसऱ्याने कपाटाआड लपून हाक मारावी. लेझरच्या ठिपक्यामागे त्याला पळविण्याची टूम निघाली आहे, ती टाळलेली बरी. ठिपका कधीच हाती लागत नाही आणि काही कुत्रे सावल्यांच्याही मागे लागून बेचैन होतात.

खाऊ निवडताना जैन स्वयंपाकघराला एक आयता लाभ आहे. कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. जेथे हे दोन्ही येतच नाहीत, तेथे ही काळजी मिटली. एरवी खाऊ म्हणून गाजर सुचविले जाते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरी काकडीचे काप, उकडलेला लाल भोपळा, बिया काढलेले सफरचंद किंवा कडक भाकरीचे तुकडे तितकेच चालतात. धोका आहे तो दुसरीकडे. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि तेही थोड्याशा प्रमाणात. सांगली-तासगावकडील घरांत बेदाण्याची बरणी हाताशी असते, पाहुण्यापुढे वाटी येते आणि कौतुकाने चार दाणे कुत्र्यापुढेही टाकले जातात. ते टाकू नयेत. चॉकलेटही तसेच विषारी.

एवढे करूनही बाहेर नेणे सुटत नाही. सर ओसरली, की दहा मिनिटे का होईना, लांब दोरीने न्यावे आणि हवे तेथे वास घेऊ द्यावा. साचलेले पाणी मात्र पिऊ देऊ नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही होतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी. परतल्यावर बोटांमधील फटी कोरड्या कराव्यात आणि कानांमागे गोचीड पाहावी. ती सापडल्यास काय करावे, हे पशुवैद्यास विचारावे. सतत पंजे चाटत असेल तर ते रिकामपण नसून बुरशीचा संसर्गही असू शकतो.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस येतात. घरातील सारी माणसे अभिषेक, पूजा आणि प्रवचन यांसाठी मंदिरात असतात. कुत्रा एरवीपेक्षा अधिक एकटा पडतो. त्या दिवसांची पाळी आधीच लावून ठेवावी. पूजेहून प्रथम परतणाऱ्याने सोवळे सोडल्यावर दुपारचा शोध मांडावा. सायंकाळचा शोध सूर्यास्तापूर्वी, त्याच्या जेवणातच उरकावा. गॅलरीची साखळी काढून दाराला जाळीचे फाटक बसविले, तर त्याला दोन खोल्या मोकळ्या मिळतात.