जॅक जॉन्सन आणि १९१० चा कायदा
१९०८ साली सिडनी येथे टॉमी बर्न्सला नमवून हेवीवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन सोन्याचे दात मिरवीत भरधाव मोटारी हाकी आणि गोऱ्या स्त्रियांशी राजरोस विवाह करी, हे अमेरिकेतील गोऱ्या समाजास त्याच्या ठोशांहूनही अधिक झोंबले. वेश्याव्यापाराच्या बंदोबस्तासाठी १९१० साली झालेल्या मान कायद्यातील ‘अनैतिक हेतू’ हे मोघम कलम तेव्हा सरकारच्या कामी आले. पूर्वीच्या एका गोऱ्या प्रेयसीस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याबद्दल निखालस गोऱ्या ज्यूरीने १९१३ साली त्यास दोषी ठरविले. सजा एक वर्ष एक दिवसाची. तो फरारी झाला. १९२० साली हजर होऊन त्याने लेव्हनवर्थच्या तुरुंगात ती भोगली. मरणोत्तर माफी २०१८ साली मिळाली. परंतु माफी म्हणजे निर्दोषत्वाचा निवाडा नव्हे.