खिडकी ही चैन नव्हे

अंतराळातल्या घराचा विचार आजवर मुख्यतः अभियंत्यांनी केला, आणि ते साहजिकच होते. बाहेर निर्वात पोकळी, घातक किरणे आणि सुसाट सूक्ष्म उल्का असताना हवेचा दाब, प्राणवायू आणि तापमान सांभाळणे ही पहिली गरज. पण तिथे माणसाला नुसते जगायचे नसते, महिनोन्महिने नांदायचे असते. म्हणून तिथली वास्तुरचना ही सजावट न मानता जीवरक्षक यंत्रणेचाच भाग मानायला हवी.

याचा पुरावा १९७३ सालच्या स्कायलॅबपासून मिळतो. त्या स्थानकासाठी ‘नासा’ने रेमंड लोई या औद्योगिक रचनाकाराचा सल्ला घेतला होता. खिडकी असावी, एकत्र बसून जेवता यावे आणि प्रत्येकाला स्वतःचा कोपरा मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. अंतराळवीरांचा फावला वेळ पुढे त्या खिडकीपाशीच अधिक गेला. स्कायलॅबच्या ज्या भागात वर-खाली असा भेदच ठेवला नव्हता, तिथे त्यांचा गोंधळ उडे. जमीन आणि छत स्पष्ट असलेला भाग त्यांना सोयीचा वाटे. सोव्हिएत वास्तुरचनाकार गालिना बालाशोवा यांनी हे १९६०च्या दशकातच ओळखले होते. वजनरहित अवस्थेत दिशा कळावी म्हणून त्यांनी जमिनीला गडद आणि छताला फिका रंग दिला. ‘सोयुझ’ यान आणि ‘मीर’ स्थानक यांच्या अंतर्भागावर त्यांची छाप आहे.

शरीराच्या गरजाही रचनेपासून वेगळ्या काढता येत नाहीत. गुरुत्वाचा परिणाम जाणवत नसल्याने तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही. झोपलेल्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चेहऱ्याभोवतीच साचू शकतो. म्हणून पंखे अखंड चालवावे लागतात. पंखे आले की आवाज आला, आणि आवाज आला की तो शोषणाऱ्या भिंती आल्या. झोपायची खोली आखताना अभियंता आणि वास्तुरचनाकार यांना एकत्रच बसावे लागते.

यावर आक्षेप असा, की तिथे किलो-किलोचा हिशेब असतो, खिडकीने कवच दुबळे होते आणि प्रशिक्षित माणसे गैरसोय सोसतात. वजनाचा मुद्दा खरा आहे. पण रंग आणि मांडणी यांना जवळजवळ वजनच नसते. खिडकीचा धोकाही आटोक्यात ठेवता येतो: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला २०१० साली जोडलेल्या ‘कपोला’ या कक्षाच्या सातही खिडक्यांना उल्कांपासून बचाव करणारी झापे आहेत. सोसण्याचे म्हणाल, तर प्रश्न मुदतीचा आहे. भारताच्या गगनयानाची तीन दिवसांची नियोजित मोहीम आसनावर बसून निभावेल. मंगळाची अडीच-तीन वर्षांची मोहीम निभावणार नाही. म्हणून तर ‘नासा’ने ह्यूस्टनमध्ये चौघांना ३७८ दिवस मंगळघराच्या प्रतिकृतीत राहायला लावले आणि २०२४ साली तो प्रयोग पूर्ण केला.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारण्याचे ठरवले आहे. त्याच्या आराखड्यावर आपले वास्तुरचनाकार, मानसशास्त्रज्ञ आणि ध्वनितज्ज्ञ पहिल्या रेघेपासून हवेत. पत्रा कापून झाल्यावर खिडकीची जागा शोधता येत नाही.