‘वेचणी उरकू द्या, मग बघू’

नोव्हेंबरात जालना जिल्ह्यातल्या जाफराबादच्या काळ्या रानांत कापसाची वेचणी ऐन भरात असते. मजुरी किलोवर. अशा दिवसांत आशाताईने दारात येऊन लसीचा विषय काढला, तर बाई ‘नको’ म्हणत नाही. ‘वेचणी उरकू द्या, मग बघू,’ म्हणते. याला अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो, पण तिचा हिशेब चुकलेला नसतो. ताप, अंगदुखी आणि बुडालेली मजुरी लगेच पदरात पडते. टळलेला आजार कधी दिसतच नाही. दूरच्या फायद्यापेक्षा आजचा तोटा मोठा वाटणं, हे वर्तनशास्त्राचं जुनं निरीक्षण आहे. माहितीपत्रकं वाटून ते बदलत नाही.

मग कशाने बदलतं? अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात १३४ गावांत हे तपासलं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गावांत जेमतेम ६ टक्के बालकांचं लसीकरण पूर्ण झालेलं. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्के. शिबिरात दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळे डोस झाल्यावर ताटं मिळाली, तिथे ३९. गंमत म्हणजे डाळ धरूनही दर बालकामागचा खर्च नुसत्या शिबिराच्या निम्म्यावर आला, कारण नर्स रिकामी बसेना.

२०२१ च्या नोव्हेंबरात कोविडची लस रेंगाळली, तेव्हा शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात प्रशासनाने उलटा रस्ता धरला: एकही डोस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही. आकडे अशाने वाढतातही, पण विश्वास वाढतो असं मला वाटत नाही. त्याच महिन्यात राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री, जालन्याचेच राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांसाठी सलमान खानची मदत घेण्याचं जाहीर केलं. अनेकांना हसू आलं. मला मात्र प्लेगची मुंबई आठवली. १० जानेवारी १८९७ ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचली. पुढे इस्माइली खोजांचे धर्मगुरू, विशीच्या उंबरठ्यावरच्या आगाखानांनी ती जाहीरपणे घेतली आणि हजारो अनुयायांनी दंड पुढे केले. तिकडे पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर घरं उपसत होते आणि लोक रोगी लपवत होते.

जाफराबादेत सलमान खानची गरज नाही. वेचणीच्या टोळीतली म्होरकी आधी लस घ्यायला बसली पाहिजे. आणि आशाताईने यावं ते दिवेलागणीला, कापूस वजन करून झाल्यावर.