दगडात तयार लोखंड? ग्रीनलँडच्या डिस्को बेटाची भानगड काय आहे

खाणीतून लोखंड काढतात, असं आपण सहज म्हणतो. खरं तर खाणीतून निघतं ते लोहखनिज, म्हणजे ऑक्सिजनशी घट्ट बांधलेलं लोखंड. भट्टीत कोळशासोबत तापवल्याशिवाय त्यातून धातू सुटत नाही. पण ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या डिस्को बेटावर दगडातच तयार लोखंड सापडतं.

1870 मध्ये स्वीडिश संशोधक नॉर्डेनशेल्ड यांना तिथे लोखंडाचे अवजड गोळे दिसले. सर्वात मोठा तर 20 टनांहून जड! त्यात निकेलही होतं, म्हणून त्यांनी या उल्का ठरवल्या. अंदाज तसा चुकीचा वाटण्यासारखा नव्हता. पण डॅनिश भूवैज्ञानिक स्टीनस्ट्रुप यांनी तेच लोखंड तिथल्या काळ्या बेसॉल्टमध्ये बारीक कणांच्या रूपात दाखवलं आणि ते पृथ्वीचंच आहे, हे पुढे मान्य झालं. निकेलचा हिशेबही तेच सांगतो. उल्केच्या लोखंडात ते साधारण 5 टक्क्यांपासून पुढे असतं, इथे बहुतेक 4 टक्क्यांच्या आत.

मग हे झालं कसं? सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस वर येताना कोळसा आणि कार्बनयुक्त थरांतून गेला. कार्बनने ऑक्सिजन ओढून घेतला, लोखंड मागे राहिलं. थोडक्यात, निसर्गाचीच पोलादभट्टी.

आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, वयाने थोडा मोठा, साधारण 6.6 कोटी वर्षांचा. त्यातही भरपूर लोह आहे, पण ऑक्सिजनसोबत. कोकणातल्या जांभ्याचा लाल रंग त्या लोहाचाच.

डिस्कोच्या लोखंडाला चुंबक चिकटतं, रंग करडा. मोठ्या गोळ्यांत कार्बन जास्त, त्यामुळे ते बिडाच्या तव्यासारखे ठिसूळ. खडकातले छोटे कण मात्र मऊ. इन्युइट लोक खडक फोडून हे कण वेचायचे, न तापवता ठोकून चपटे करायचे आणि हाडाच्या मुठीत ओळीने बसवायचे. झाली सुरी! भट्टीला लाकूडच नसलेल्या प्रदेशात याचं मोल काय असेल, विचार करा.

नॉर्डेनशेल्ड यांनी हे गोळे युरोपात नेले, तर तिथल्या हवेत त्यातले काही गंजून भुगा व्हायला लागले.