कपडे वाळविण्याच्या यंत्राची निगा

अमेरिकेत अनेक घरी कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ते वाळविण्याचे यंत्रही असते. त्यास ‘ड्रायर’ म्हणतात. मुलाबाळांकडे तेथे जाणाऱ्या आपल्याकडील वडीलधाऱ्यांना दोरीवाचून वाळलेले कपडे पाहून नवल वाटते. परंतु या यंत्राच्या पाठीमागे एक नळी असते. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कपडे केवळ उष्णतेने वाळत नाहीत. ओलावा वाहून नेणारी हवाही लागते. पावसाळ्यात बंद खोलीतील कपड्यांना कुबट वास येतो, तो हवा न खेळल्यामुळेच. ड्रायरमध्ये तापलेली हवा फिरत्या पिंपातील कपड्यांमधून जाते, त्यांतील बाष्प घेते आणि सुमारे ४ इंच व्यासाच्या नळीवाटे घराबाहेर पडते.

तिच्याबरोबर कपड्यांची झिजलेली लवही निघते. यंत्रातील जाळी बरीचशी लव अडविते, सगळी नाही. उरलेली नळीच्या वळणांवर थर धरते. मग हवा तुंबते व आतील उष्णता वाढते. वाळलेली लव तर चकमकीच्या कापसासारखी पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळाच्या अंदाजानुसार ड्रायरमुळे निवासी इमारतींत दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत आणि ५ माणसे दगावत. सफाईतील हयगय हेच त्यांचे प्रमुख कारण होते. यंत्र गॅसवर चालणारे असल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात कोंडण्याचे भयही असते.

उपाय मात्र साधे आहेत. जाळी प्रत्येक खेपेस साफ करावी. तिच्यावर मेणचट थर बसल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. वर्षातून एकदा तरी वीज तोडून नळी सुटी करावी व लांब दांड्याच्या ब्रशाने आतून झाडावी. गॅसच्या यंत्रास जाणकार कारागीरच बोलवावा. नळी प्लॅस्टिकची वा पातळ वर्खाची असल्यास बदलून टणक धातूची घ्यावी. सांध्यांत लव अडकेल असे स्क्रू आत येऊ देऊ नयेत. यंत्र चालू असता बाहेरील झडप उघडते की नाही, तेथे पाखरांनी घरटे केले आहे काय, हेही पाहावे. घराबाहेर जाताना किंवा झोपताना यंत्र चालू ठेवू नये.

भिंतीआड तुंबलेली लव डोळ्यांस दिसत नाही. पण कपडे तिची खूण देतात. एका फेरीत वाळणारे कपडे दोन फेऱ्या घेऊ लागले, की प्रथम नळी तपासावी.